गाठीच्या जागेपुरतीच लाईट: सोलापुरातून उपचार घेणाऱ्यांसाठी

सोलापुरात रेडिएशनला अजून बऱ्याच घरांत 'लाईट' म्हणतात, जुनी माणसं 'शेक' म्हणतात. माझ्या आत्याच्या डाव्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढायचं ठरलं तेव्हा घरातला पहिला प्रश्न हाच होता: "लाईट किती?" शेजारच्या काकूंना पंचवीस दिल्या होत्या, म्हणजे पाच आठवडे. आत्या घरी विड्या वळते. मजुरी हजार विड्यांमागे, त्यामुळे हात थांबला की पैसा थांबला. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, "आता फक्त गाठीच्या जागेलाच लाईट देतात, पाच दिवसांत सुट्टी." झालं, आम्ही सगळे त्या एका वाक्याच्या मागे लागलो.

मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवते. आत्याच्या निमित्ताने वाचलं, विचारलं आणि चुकलोही. ज्यांच्या हातात नुकताच बायोप्सीचा कागद पडलाय त्यांना डॉक्टरांपुढे बसताना काय विचारावं हे कळावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा.

आधी गोष्ट समजून घ्या

स्तन राखून फक्त गाठ काढली, तर त्यानंतर सहसा रेडिएशन देतात. डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी मागे राहिल्या असतील तर त्या मराव्यात म्हणून. पूर्वी हे रेडिएशन संपूर्ण स्तनाला द्यायचे. पण आजार त्या स्तनात परत आलाच, तर बहुतेक वेळा गाठीच्या मूळ जागी किंवा तिच्या अगदी जवळ येतो, असं दिसून आलं. मग निवडक बायकांमध्ये गाठीची पोकळी आणि भोवतीचा एक-दोन सेंटीमीटर भाग, एवढ्यालाच किरण दिले तर? यालाच आंशिक स्तन किरणोपचार म्हणतात. उरलेला स्तन, कातडी, फुप्फुस आणि डाव्या बाजूला असेल तर हृदय यांच्या वाट्याला कमी किरण जातात.

आमचे रेडिएशनचे डॉक्टर डाळिंबाच्या पट्ट्यातले. त्यांनी माझ्या भावाला एका वाक्यात पटवलं: "पाट सोडलं तर सगळं रान भिजतं, ठिबक लावलं तर फक्त झाडाचं बूड. पण ठिबकला झाड नेमकं कुठं आहे ते माहीत पाहिजे." त्या शेवटच्या वाक्याचं वजन आम्हाला नंतर कळलं.

पायरी १: ऑपरेशनच्या आधीच विचारा

ही पायरी मी सर्वांत आधी आणि सर्वांत लांब लिहिते आहे, कारण आम्ही नेमकी हीच गाळली.

लाईटचा विचार ऑपरेशननंतर करायचा, असं आम्ही धरून चाललो होतो. खरं तर आंशिक रेडिएशनची निम्मी तयारी ऑपरेशनच्या टेबलावर होते. गाठ काढल्यावर सर्जन त्या पोकळीच्या भिंतींना टायटॅनियमच्या बारीक क्लिपा लावतात. काही आठवड्यांनी पोकळी भरून येते, आकसते. कधी आकार राखण्यासाठी सर्जननी आतली चरबी इकडची तिकडे सरकवलेली असते. तेव्हा सीटी स्कॅनवर जागा ओळखायला या क्लिपाच उपयोगी पडतात. त्या आयुष्यभर आत राहिल्या तरी त्रास होत नाही.

आत्याचं ऑपरेशन ज्या रुग्णालयात झालं (नाव घेत नाही), तिथं क्लिपा लावल्या नव्हत्या. ऑपरेशन चांगलं झालं, जखम सुरेख भरली. इतकी सुरेख, की सहा आठवड्यांनी सीटीवर गाठीची जागा नेमकी दाखवता येईना. बाकी सगळ्या अटींत आत्या बसत होती. तरी डॉक्टर म्हणाले, "मावशी, अंदाजानं नेम धरण्यापेक्षा पूर्ण स्तनाला देऊ." ते बरोबरच होतं. पण एक प्रश्न आधी विचारला असता तर निवड आमच्या हातात राहिली असती.

म्हणून सर्जनना ऑपरेशनच्या आधी विचारा: स्तन राखता येईल का? क्लिपा लावणार ना? डिस्चार्ज कार्डावर किती लावल्या ते लिहून देणार ना? आणि ऑपरेशनआधी एकदा रेडिएशनच्या डॉक्टरांना भेटू का? शेवटचा प्रश्न काही सर्जनना आवडत नाही. तरी विचारा.

पूर्ण स्तन काढायचं ठरलं असेल, तर हा विषयच तुमच्यासाठी नाही. त्यानंतरच्या रेडिएशनचे नियम वेगळे आहेत.

पायरी २: रिपोर्ट हातात घेऊन बसा

ऑपरेशननंतर काढलेल्या गाठीचा सविस्तर पॅथॉलॉजी रिपोर्ट येतो. आंशिक रेडिएशन चालेल की नाही हे तोच ठरवतो, तंत्राची निवड त्याच्या पुढची. अमेरिकेतल्या रेडिएशन तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात सरळ 'हो' कुणाला, तर वय ४० किंवा जास्त, गाठ २ सेंटीमीटरपर्यंत, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात ते) १ किंवा २, ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे पेशी इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणाऱ्या), काखेतल्या लसिकाग्रंथींत आजार नाही आणि कापलेल्या कडा स्वच्छ. ग्रेड ३, ईआर निगेटिव्ह किंवा गाठ २ ते ३ सेंटीमीटर असेल तर विचार करून, बेताने. काखेत आजार असेल, कडेवर पेशी सापडल्या असतील, वय ४० च्या आत असेल किंवा बीआरसीए या, घराण्यात चालत येणाऱ्या कॅन्सरशी जोडलेल्या जनुकात दोष असेल, तर नको. रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत पेशी शिरलेल्या दिसल्या, किंवा आजार 'लोब्युलर' (दूध बनवणाऱ्या ग्रंथींतल्या) प्रकारचा असेल, तरी डॉक्टर सहसा टाळतात.

कडू वाटेल, पण सांगते. आपल्याकडे स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं कमी वयात आढळतो, आणि बाई दाखवायला येते तोवर गाठ बरेचदा मोठी झालेली असते. त्यामुळे बऱ्याच जणी याच पायरीवर थांबतात. त्यात कमीपणा काही नाही. त्यांच्या आजाराला पाट लागतो, ठिबक पुरत नाही, एवढाच अर्थ.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या आजींना घेऊन जाणार असाल, तर घरातलं तेलुगू आणि मराठी दोन्ही नीट येणारं माणूस सोबत ठेवा. कन्नड घरांनाही तेच. "समजलं का?" विचारल्यावर आजी मान डोलावतात आणि बाहेर आल्यावर विचारतात, "काय म्हनला त्यो?"

पायरी ३: तुलना कशाशी करताय ते ठरवा

आंशिक रेडिएशनची जाहिरात 'लवकर संपतं' या एका गोष्टीवर चालते. पंचवीस दिवसांच्या जमान्यात ते खरं होतं. नंतर ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांनी संपूर्ण स्तनाचं रेडिएशनही आटोपशीर करून दाखवलं. आधी ५० ग्रे २५ वेळांऐवजी ४० ग्रे १५ वेळांत, म्हणजे तीन आठवड्यांत. ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप. मग 'फास्ट-फॉरवर्ड' अभ्यासात ४,०९६ रुग्णांवर तीन मात्रा ताडून पाहिल्या. २०२० मध्ये निकाल आला: एका आठवड्यात ५ वेळा, एकूण २६ ग्रे दिल्यावर पाच वर्षांत आजार त्याच बाजूला परत येण्याचं प्रमाण १.४ टक्के, तर तीन आठवडेवाल्या गटात २.१ टक्के.

म्हणजे संपूर्ण स्तनाची लाईटही आता पाच दिवसांत आटोपू शकते. तेव्हा 'मजुरी बुडू नये' एवढंच कारण असेल, तर आंशिक रेडिएशनसाठी धावाधाव करायची फारशी गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आत्याचं पाच लाईटमध्येच झालं. आंशिकचा खरा फायदा आहे तो निरोगी भाग वाचण्याचा.

वय ६५ च्या पुढे असेल, गाठ लहान, काख स्वच्छ, ईआर पॉझिटिव्ह आणि हार्मोनच्या गोळ्या पाच वर्षं नक्की घेणार असाल, तर 'लाईट न घेणं' याबद्दलही विचारा. 'प्राइम टू' अभ्यासात अशा बायकांमध्ये रेडिएशन न घेतल्यास दहा वर्षांत त्याच स्तनात आजार परतण्याचं प्रमाण ९.५ टक्के निघालं, घेतल्यास ०.९ टक्के. आयुष्यमानात मात्र फरक पडला नाही. नऊ टक्के कुणाला फार वाटतील, कुणाला नाही. आत्या म्हणाली, "मला रात्री झोप यायला पायजे. घेते मी."

पायरी ४: आता तंत्रं

*बाहेरून मशिनने.* हे सर्वांत सुटसुटीत, आणि सोलापूरच्या माणसाला सर्वांत जवळ मिळण्याजोगं. लिनॅक हे विजेवर किरण तयार करणारं मशीन बाहेरून वेगवेगळ्या कोनांतून किरण सोडतं. भूल नाही, टोचणं नाही. आधी सीटी सिम्युलेशन होतं: हात डोक्यामागे घेऊन झोपायचं, अंगावर खुणा करतात, फिजिसिस्ट संगणकावर आराखडा बनवतात. मग रोजचं काम दहा-पंधरा मिनिटांचं. डाव्या बाजूला काही ठिकाणी श्वास रोखून धरायला शिकवतात. छाती फुगली की हृदय किरणांपासून लांब जातं.

पण 'बाहेरून' म्हटलं की सगळं एकच, असं नाही. कॅनडातल्या 'रॅपिड' अभ्यासात ३८.५ ग्रे १० भागांत, दिवसातून दोनदा दिले. आजार परतण्याच्या बाबतीत ते संपूर्ण स्तनाच्या रेडिएशनच्या तोडीचं ठरलं. पण स्तन कडक होणं, आकार बिघडणं जास्त दिसलं. दोन डोसांमधल्या सहा-आठ तासांत निरोगी पेशींना सावरायला वेळ पुरला नसावा, असं त्याचं कारण सांगतात. उलट इटलीत फ्लॉरेन्सला ५२० बायकांच्या अभ्यासात ३० ग्रे ५ भागांत, एक दिवस आड, आयएमआरटी पद्धतीने (किरणांची ताकद भागाभागाला कमी-जास्त करून) दिले. दहा वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण ३.७ टक्के, संपूर्ण स्तनाच्या गटात २.५ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतका मोठा नव्हता. कातडीचा त्रास मात्र कमी आणि स्तनाचं रूप चांगलं. ब्रिटनच्या 'इम्पोर्ट लो' अभ्यासात नेहमीचेच ४० ग्रे १५ दिवसांत, फक्त थोड्या भागाला दिले, आणि निकाल उत्तम आले.

म्हणून डॉक्टरांना नुसतं "पार्शल देता का?" विचारू नका. "दिवसातून एकदा की दोनदा? किती भाग? आयएमआरटी का?" असं विचारा. दोनदा म्हणाले तर का, तेही विचारा.

आणि मशीन लिनॅक आहे की कोबाल्ट (किरणोत्सर्गी धातूतून किरण सोडणारं जुनं मशीन)? कोबाल्ट मशिनने वर्षानुवर्षं लाखो लोकांवर उपचार झालेत, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण इतक्या नेमक्या, छोट्या भागाच्या कामाला लिनॅक लागतं.

*नळ्या घालून.* याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. गाठीच्या जागेतून दहा-वीस बारीक प्लॅस्टिकच्या नळ्या आरपार घालतात, ऑपरेशनच्या वेळीच किंवा नंतर काही आठवड्यांनी, भूल देऊन. मग त्या नळ्या एका यंत्राला जोडतात. यंत्रातून तारेच्या टोकाला बसवलेला इरिडियम या किरणोत्सर्गी धातूचा इवलासा स्रोत एकेका नळीत शिरतो, ठरलेल्या जागी काही सेकंद थांबतो आणि परत जातो. हे दिवसातून दोनदा, मध्ये किमान सहा तास, असं साधारण चार-पाच दिवस चालतं. युरोपातल्या अभ्यासात ३२ ग्रे ८ वेळा किंवा ३०.३ ग्रे ७ वेळा अशा मात्रा होत्या.

ऐकायला भीतिदायक आहे, पण सर्वांत जुना आणि भक्कम अनुभव याच पद्धतीचा. १,१८४ रुग्णांच्या त्या अभ्यासात पाच वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण १.४४ टक्के, संपूर्ण स्तनाच्या गटात ०.९२ टक्के. श्वासाबरोबर छाती हलली तरी नळ्याही तिच्याबरोबर हलतात, त्यामुळे नेम चुकत नाही. शेजारचा भाग उत्तम वाचतो. तोटे: भूल, संसर्गाचा धोका, नळ्यांच्या जागी ठिपक्यांसारखे व्रण, कधी आतली चरबी मरून गुठळी होणं. आठवडाभर अंगावर नळ्या घेऊन राहायचं आणि आंघोळ पुसून घ्यायची. शिवाय हे कसबाचं काम आहे. महिन्यातून एखादी केस करणाऱ्याकडे नको, नेहमी करणाऱ्याकडेच जा. मुंबईच्या टाटा मेमोरियलला याचा जुना अनुभव आहे.

घरी एक शंका हमखास निघते: नळ्या असताना बाईजवळ नातवंडं जाऊ द्यायची का? हो. स्रोत यंत्रात परत गेला की अंगात किरण उरत नाहीत. आत्याच्या जावेने तर बाहेरून लाईट घेतलेल्या आत्यालाही आठ दिवस वेगळं ताट दिलं होतं. त्याची काही एक गरज नव्हती.

*फुग्याचं तंत्र.* अनेक नळ्यांऐवजी पोकळीत एकच नळी, तिच्या टोकाला फुगा, त्यात सलाइन. पोकळी गोल हवी आणि कातडीपासून पुरेशी लांब हवी, नाहीतर कातडी भाजते. अमेरिकेत हे गाजलं. आपल्याकडे कुणी घेतलेलं मला तरी भेटलं नाही.

*ऑपरेशनच्या टेबलावरच, एकदाच.* गाठ काढली की तिथल्या तिथे उघड्या जखमेत एकच मोठा डोस, आणि बाई उठायच्या आत लाईट संपलेली. सोलापूरहून मुंबईला हेलपाटे घालणाऱ्या कुणालाही हे स्वप्नासारखं वाटेल, मलाही वाटलं. पण आकडे पाहा. मिलानमध्ये इलेक्ट्रॉनचे २१ ग्रे एकदाच देणाऱ्या 'एलियट' अभ्यासात पंधरा वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण १२.६ टक्के निघालं, संपूर्ण स्तनाच्या गटात २.४ टक्के. मृत्यूंचं प्रमाण सारखंच राहिलं. कमी ताकदीच्या क्ष-किरणांच्या 'टार्गिट' अभ्यासात पाच वर्षांचे आकडे २.११ आणि ०.९५ टक्के असे होते, आणि त्यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. अडचण कळण्यासारखी आहे: डोस देताना सविस्तर रिपोर्ट हातात नसतो. आठ दिवसांनी रिपोर्टमध्ये काखेत आजार निघाला, तर पुन्हा पूर्ण स्तनाला लाईट घ्यावीच लागते. वर सांगितलेलं २०२३ चं मार्गदर्शनही एरवी हे नको असंच सांगतं. कुणी 'एका फटक्यात काम' असं विकायला लागलं, तर सावध राहा.

माझ्यापुरता क्रम असा: अटींत बसत असेल आणि क्लिपा असतील तर बाहेरून, आयएमआरटीने, एक दिवस आड पाच वेळा. अनुभवी हात मिळाले आणि बाईची तयारी असेल तर नळ्या. यांपैकी काही जमत नसेल तर संपूर्ण स्तनाला पाच किंवा पंधरा. ते काही दुय्यम नाही.

पायरी ५: कुठं जायचं

जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे. सोलापूरपासून सुमारे ७० किलोमीटर. बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून चालते, देशातली तशी पहिलीच. शहरातही रेडिएशनची सोय आहे. आधी जवळच विचारा. वर लिहिलेले प्रश्न फोनवर विचारले तरी अर्धा प्रवास वाचतो. नळ्यांचं तंत्र हवं असेल तर पुणे किंवा मुंबई. सिद्धेश्वर एक्स्प्रेसला रात्री बसलं की सकाळी दादर, तिथून टाटा मेमोरियलचं परळ जवळच. पण एक दिवस आड लाईट असेल तर मधल्या दिवशी राहणार कुठं, हे आधी ठरवा. लाईटपेक्षा लॉजचा खर्च जास्त, असं होता कामा नये.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि रेडिएशन त्यात येतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची मदत करणारी माणसं, बसतात. तुमचं नेमकं तंत्र योजनेच्या यादीत आहे का, हे उपचार सुरू होण्याआधी त्यांच्याकडून पक्कं करा. रेशनकार्ड आणि आधारवरच्या नावाचं स्पेलिंग जुळतं का तेही पाहा, आमचे चार दिवस त्यातच गेले. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीला तिकिटात पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

पायरी ६: ते पाच दिवस

हात डोक्यावर धरता यायला हवा. ऑपरेशननंतर खांदा आखडतो, आणि दिवसभर मान घालून विड्या वळणाऱ्या बायकांचा तर आधीच आखडलेला असतो. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सर्जन सांगतील तेव्हापासून रोज करा, नाहीतर सिम्युलेशनची तारीख पुढे जाते.

एप्रिल-मे असेल तर सोलापूरचं ऊन हा वेगळाच पाहुणा. घामाने कातडी जास्त चिडते. सैल, जुना, मऊ सुती ब्लाउज घाला. लाईटच्या जागी पावडर, अत्तर, हळद, कुणी दिलेला लेप काही लावू नका. खुणा पुसल्या गेल्या तर स्वतः पेनने गिरवू नका, टेक्निशियनला सांगा. थोडा लालपणा आणि थकवा येतो, बहुतेकींचा काही आठवड्यांत जातो. जखमेतून पाणी, ताप किंवा वाढती सूज असेल तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. खाण्यापिण्याला बंधन नाही. भाकरी, शेंगाचटणी, सगळं चालतं.

लाईट संपली तरी गोळ्या चालू राहतात आणि दरवर्षी मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) करावी लागते. लाईट घेतलेल्या जागी, विशेषतः नळ्यांनंतर, गुठळी लागू शकते आणि फिल्मवर ती घाबरवणारी दिसू शकते. म्हणून दरवेळी जुन्या फिल्म, डिस्चार्ज कार्ड आणि किती ग्रे कुठं दिले त्याचा कागद सोबत न्या. क्लिपा असतील तर मॅमोग्राफीच्या खोलीत शिरतानाच सांगा. आत्याच्या फाइलवर मी लाल पेनने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: 'क्लिपा नाहीत.'